पुण्याच्या पेठांतील घरांचे कागद व वस्तीचे नियम

जुन्या घराण्याच्या दप्तरांत राजकारणाचीं पत्रें निघालीं म्हणजे तीं लगोलग नकलून घेतलीं जातात, त्यांवर टिपणें होतात आणि तीं छापलींहि जातात. त्याच रुमालाच्या तळाशीं घराचें खरेदीखत, बोळाच्या तंट्याचा महजर, गहाणखत, भाडेचिठ्ठी असे जे कागद दडपलेले असतात त्यांकडे मात्र संग्राहकाचा हात सहसा वळत नाहीं. ‘घरगुती’ असा शेरा मारून ते बाजूस ठेवले जातात. पुणें शहराच्या बाबतींत ही उपेक्षा विशेष नुकसानीची आहे. शहरांत कोणास राहतां येई, कोणत्या अटीवर, किती जागेंत, आणि शेजाऱ्याचा हक्क कोठें सुरू होई, या प्रश्नांचीं उत्तरें तहनाम्यांत नसून याच कागदांत आहेत. हल्लीं परवडणाऱ्या घरांची आणि वापराप्रमाणें जमिनीचे विभाग पाडण्याची चर्चा रोज ऐकूं येते. या गोष्टी अलीकडे उत्पन्न झाल्या असा समज आहे. शब्द नवे आहेत खरे, व्यवहार जुना आहे. तो कसा चाले, आणि तो दाखविणारे कागद कसे ओळखावे व वाचावे, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पुण्याची मूळ वस्ती कसब्याची. इ. स. १६३० च्या सुमारास मुरार जगदेवानें गांव उध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, आणि पुढें जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या वास्तव्यानें व दादोजी कोंडदेवाच्या देखरेखीनें तें पुनः वसलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तींतून आपणांस लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, या शहराच्या वस्तीचा इतिहास ओसाड जागीं माणूस आणून बसविण्यापासून सुरू होतो. जागा पुष्कळ आणि माणूस दुर्मिळ, अशी ती स्थिति होती. आज नेमकी उलट आहे. म्हणून जुने नियम मुख्यतः माणसास अडविण्याचे नसून बोलावण्याचे आहेत, आणि ते वाचतांना ही पार्श्वभूमि सुटली तर अर्थाचा अनर्थ होतो.

बोलावण्याचें साधन म्हणजे कौल. पडजमीन लागवडीस आणणाऱ्यास जसा इस्तावा मिळे, म्हणजे पहिल्या वर्षीं नाममात्र व पुढें चढत्या क्रमानें धारा घेण्याचा ठराव होई, तसाच प्रकार पेठेंत घर व दुकान घालणाऱ्याच्या बाबतींत होता. पेठ वसविण्याची आज्ञा ज्यास झाली तो वाणी, उदमी, कारागीर यांस अभय व सवलत लिहून देई. अमुक वर्षें जकात व मोहतर्फा घेणार नाहीं, वेठबेगार लावणार नाहीं, मुदत सरल्यावर शिरस्त्याप्रमाणें घेऊं, असें त्यांत असे. घरासाठीं जी जागा मिळे ती पुष्कळ वेळां विकत मिळत नसून वसण्याच्या अटीवर मिळे. या अटीकडे वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधावेंसें वाटतें. जागा घेऊन ती ओस टाकणें हें कौलाच्या हेतूस सोडून होई. सवलतीचें मोल घर उभें करून, चूल पेटवून आणि धंदा चालवून फेडावयाचें असे. आज शासन लहान घरें बांधणारास चटईक्षेत्राची जी वाढ देतें तिची आणि कौलाची जात एकच म्हणावी लागेल. भेद एवढाच कीं, कौल राहणाऱ्याच्या हातीं पडे, आणि हल्लींची सवलत बांधणाऱ्याच्या हातीं पडते. हा भेद लहान नव्हे.

पेशव्यांचें वास्तव्य पुण्यास झाल्यावर या कामास वेग आला. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. दरबार आला म्हणजे शिलेदार आले, कारकून आले, सावकार आले, आणि त्यांच्या मागून त्यांस लागणारे सोनार, शिंपी, तांबट, कुंभार, गवळी, भोई आले. शुक्रवार व वेताळ या पेठांच्या उभारणीशीं जिवाजीपंत खासगीवाले यांचें नांव जोडलें जातें. सदाशिव व नारायण या पेठा पेशव्यांच्या घराण्यांतील दोन पुरुषांच्या नांवें आहेत, रास्ते घराण्याची पेठ पूर्वीं शिवपुरी म्हणून ओळखली जाई, आणि हनुमान पेठेस नाना फडणिसांवरून नाना पेठ हें नांव रूढ झालें. वारांचीं नांवें पडण्यापूर्वीं जुन्या पेठांस मुसलमानी अमलांतील नांवें होतीं. रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, बुधवार म्हणजे मुहियाबाद. हीं नांवें येथें देण्याचें कारण निव्वळ कुतूहल नव्हे. कागदावर ‘पेठ मलकापूर’ असें दिसलें म्हणजे तो पुण्याबाहेरचा समजून दुसऱ्या रुमालांत टाकला जाण्याचा संभव फार, कारण या नांवांचीं गांवें महाराष्ट्रांत इतरत्रहि आहेत. चतुःसीमेंत नागझरीचा किंवा एखाद्या ओळखीच्या देवळाचा उल्लेख असेल तर संशय राहत नाहीं.

पेठेचा कारभार शेटे व महाजन या वतनदारांकडे असे. बाजार भरविणें, नवे व्यापारी आणणें, वजनमापांवर नजर ठेवणें हीं त्यांचीं कामें, आणि दुकानागणिक ठरलेला हक्क हें त्यांचें वेतन. त्यांचें उत्पन्न पेठ भरलेली राहण्यावर अवलंबून असल्यामुळें पेठ ओस पडूं न देण्याची काळजी ते आपोआप घेत. कोणी कोठें बसावें हेंहि पुष्कळसें त्यांच्याच हातीं असे, आणि त्याचे अवशेष आजहि पत्त्यांत शिल्लक आहेत. कसब्यांतील तांबट आळी, शिंपी आळी, नदीकडील कुंभारवाडा, रविवारांतील बोहरी आळी, शिवाय कासार, बुरूड, भोई, दाणे या नांवांच्या आळ्या, हे त्या काळचे ‘विभाग’ होत. मात्र हल्लींच्या विभागणींत आणि यांत एक मूळचें अंतर आहे. हल्लींच्या नकाशांत राहणें एका रंगांत, व्यापार दुसऱ्या रंगांत, कारखाना तिसऱ्या रंगांत दाखवितात. जुन्या आळींत तांबटाची भट्टी खालीं, संसार मागें किंवा माडीवर, आणि विक्री ओट्यावर, असा तिन्हींचा एकच आसरा असे. आवाज, धूर, घाण यांचा विचार नव्हता असें नाहीं. कुंभाराच्या भट्ट्या नदीकडे वस्तीच्या कडेस असणें हें त्याचेंच निदर्शक आहे. परंतु ज्यास घराचें व दुकानाचें असें दुहेरी भाडें देण्याची ऐपत नाहीं अशा कारागिरास या रचनेनें शहराच्या मध्यभागीं राहतां आलें, ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांनीं अद्याप पुरेशी तपासलेली दिसत नाहीं.

याच रचनेची दुसरी बाजू झांकून ठेवणें इतिहासास शोभणार नाहीं. आळी जशी धंद्याची तशी जातीची होती, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींस गांवकुसाच्या आंत जागाच नव्हती. त्यांची वस्ती ओढ्यानदीच्या काठीं, मंगळवाराच्या बाजूस, सखल भागीं राहिली. सदाशिव, नारायण, शनिवार या पश्चिमेकडील पेठांत ब्राह्मण कारकून व आश्रित यांस घरें बांधण्यास जागा मिळाल्या. ब्राह्मणांस व वतनी अंमलदारांस घरपट्टींतून सूट देण्याची वहिवाटहि पुष्कळ ठिकाणीं होती. म्हणजे सवलत होती, परंतु ती गरजेच्या मापानें मोजलेली नव्हती.

पाण्याच्या वांटणींत हें अधिकच स्पष्ट दिसतें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७४९ च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचें व तेथून शहरांत पाणी आणणाऱ्या चुनेगच्ची नळाचें काम सुरू झालें. हें पाणी शनिवारवाड्यास आणि शहरांतील हौदांस पुरविलें जाई. पुढें नाना फडणिसांनीं व रास्त्यांनीं स्वतंत्र नळ आणले. पेठेस हौद मिळाला म्हणजे तेथील जागेस भाव येई, आणि खरेदीखतांत ‘हौदाचे पाण्यासुद्धां’ अशा अर्थाचा हक्क नोंदविलेला आढळला तर तें कलम नीट उतरून घ्यावें. घराची किंमत ठरविणाऱ्या गोष्टींपैकीं ती एक होती. परंतु सार्वजनिक म्हणविलेला हौदहि सर्वांस खुला नव्हता. जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद १८६८ मध्यें अस्पृश्यांस खुला केला, या घटनेचें महत्त्व सामाजिक सुधारणेच्या इतिहासांत नेहमीं सांगितलें जातें. नगररचनेच्या इतिहासांतहि तिचें स्थान आहे. ज्यास पाणी नाहीं त्यास शहरांत घर असून नसल्यासारखें. गंज पेठेचें नांव पुढें महात्मा फुले पेठ असें झालें.

आतां आंबील ओढ्याविषयीं. हा ओढा पूर्वीं आजच्या जुन्या पेठांच्या भागांतून वाहत नदीस मिळे आणि पावसाळ्यांत वस्तीस उपद्रव देई. नानासाहेबांच्या काळीं पर्वतीपाशीं बंधारा घालून त्याचें पात्र पश्चिमेकडे वळविण्यांत आलें, आणि पुराच्या भीतीपासून मोकळी झालेली जमीन पेठांच्या वाढीस उपयोगी पडली. शहराच्या मधोमध घरांसाठीं जागा कशी निर्माण करावी याचें हें अठराव्या शतकांतील सर्वांत धाडसी उदाहरण होय, आणि तें पर्वतीच्या तळ्याच्या सौंदर्यवर्णनांत झांकून गेलें आहे. जुन्या पात्राची रेषा कोणती हें निश्चित करावयास खरेदीखतांसारखें साधन नाहीं. एका घराच्या सीमेंत ‘ओढा’ आणि पन्नास वर्षांनीं त्याच घराच्या सीमेंत ‘रस्ता’ किंवा ‘परसू’ असें आलें म्हणजे पात्र कोठून गेलें होतें तें कळतें. अशा जोड्या लावून नकाशा करण्याचें काम कोणी तरी हातीं घ्यावें.

ओढा वळविला म्हणजे नाहींसा होत नाहीं. वळविलेल्या पात्राच्या कांठीं, दांडेकर पुलाच्या आसपास व वरच्या बाजूस, विसाव्या शतकांत दाट गरीब वस्ती झाली. ज्यांस पेठेंत भाडें परवडेना व नव्या उपनगरांत भूखंड घेतां येईना, त्यांनीं मोकळी राहिलेली जागा धरली. ती मोकळी राहिली होती ती ओढ्याच्या भयानेंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं या ओढ्यास जो लोंढा आला त्यांत माणसें दगावलीं व संसार वाहून गेले. जून २०२१ मध्यें दांडेकर पुलाजवळील झोपड्या हलविण्यास आरंभ झाला तेव्हां रहिवाशांनीं विरोध केला व प्रकरण न्यायालयांत गेलें. तेथें पात्र कोणतें, तें केव्हां व कोणी बदललें, या प्रश्नांस केवळ पुराणवस्तूचें मोल उरत नाहीं. पेशवेकालीन ओढ्याची रेषा हा अजूनहि जिवंत माणसांच्या निवाऱ्याचा प्रश्न आहे.

घरबांधणीवरील देखरेखीकडे वळूं. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत पुण्याच्या कोतवालीची नीट घडी बसली. कोतवाल म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें घाशीरामच येतो. तो १७७७ मध्यें नेमला गेला व ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं लोकांनीं त्यास दगडांनीं ठेचून मारिलें. त्या भयंकर शेवटामुळें कोतवालाच्या नित्याच्या कामाचें विस्मरण झालें आहे. चोरी, जुगार, बाजारभाव यांबरोबरच रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे तंटे तोडणें, आणि जागांच्या खरेदीविक्रीवर व वस्तीच्या गणतीवर लक्ष ठेवणें, हेंहि कोतवालीचें काम होतें. म्हणजे आजचा बांधकाम विभाग, नोंदणी कचेरी आणि पोलिसचौकी यांचे थोडथोडे अंश एका चावडींत होते.

तंटे कशाविषयीं असत? पागोळ्यांविषयीं सर्वांत जास्त. एकाच्या छपराचें पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडतें, एकाच्या मोरीचें पाणी दुसऱ्याच्या अंगणांत शिरतें, नवा ओटा रस्त्यांत आला, नवी खिडकी शेजाऱ्याच्या चौकांत पाहते, सामायिक भिंतीवर माडी चढविली, दिंडीची वाट बंद केली. लेखी बांधकाम-नियमावली नव्हती, परंतु नियम नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. वहिवाट हाच नियम होता, आणि ती सिद्ध करावयाची ती शेजाऱ्यांच्या व पेठेंतील वृद्धांच्या साक्षीनें. म्हणून असा महजर हातीं आला तर निकाल वाचून समाधान मानूं नये. साक्षीदारांचीं नांवें, त्यांचे धंदे व त्यांचीं घरें कोणत्या बाजूस हें उतरावें. एका चांगल्या महजरावरून अख्ख्या बोळाची वस्ती उभी करतां येते. शहरांत अंतर किती सोडावें, उंची किती असावी, उजेड कोणाचा, याबद्दल आज जीं कलमें छापील आहेत तीं त्या वेळीं शेजाऱ्यांच्या स्मरणांत होतीं. आमच्या मतें त्यांत एक उणीव अशी होती कीं, नव्यानें आलेल्या माणसाच्या बाजूनें बोलावयास वृद्ध साक्षीदार कोठून मिळावा? वहिवाटीचा नियम जुन्या रहिवाशास नेहमींच अनुकूल.

खरेदीखत वाचण्यासंबंधीं दोन शब्द. त्याचा कणा म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस अमक्याचें परसू, उत्तरेस राजरस्ता, या चार ओळींत घराचें ठिकाण असतें. घरास क्रमांक येण्यापूर्वीं दुसरा पत्ता नव्हता. शेजारच्या दोन घरांचीं खतें मिळालीं तर एकाची पूर्व सीमा दुसऱ्याच्या पश्चिम सीमेशीं ताडून पाहावी. घराचा आकार खणांनीं सांगतात. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर, साधारण पांच-सहा फूट. ‘तीन खण घर’ म्हटलें म्हणजे तें किती लहान असे याची कल्पना येईल. मोकळ्या जागेचें माप गजांत किंवा हातांत असतें. गजाची लांबी सर्वत्र एक नव्हती, यासाठीं कागदांत कोणता गज म्हटला आहे तें पाहिल्याशिवाय त्याचे फूट करूं नयेत. अशा घाईनें छापील पुस्तकांतहि घोटाळे झालेले आहेत.

कालनिर्णयांत पुण्यापुरती एक खूण विशेष उपयोगी पडते. मे १७६३ मध्यें निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. सुहूर सनाच्या हिशेबानें तें सलास सितैन मया व अलफ हें साल संपावयाच्या सुमारास झालें, कारण मृगापासून अर्बा सितैन सुरू झालें. त्यानंतरच्या कागदांत मूळ पत्र गेलें, सबब नवें करून द्यावें, असा मजकूर येत असेल तर तो खराच असण्याचा संभव आहे. तितकाच संभव असा कीं, जाळपोळीचा फायदा घेऊन कोणीं सीमा चार हात सरकविली. १८०२ मध्यें होळकरांच्या स्वारीनंतरहि तीच अवस्था. अशा वेळीं शेजाऱ्याचा जुना कागद मिळणें म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदार मिळण्यासारखें आहे.

१८१८ नंतर दरबार गेला आणि त्याच्याबरोबर त्याच्या आश्रयानें जगणारी वस्तीहि पातळ झाली. मोठे वाडे रिकामे पडूं लागले. पुढें रेल्वे आली, कचेऱ्या, शाळा व महाविद्यालयें वाढलीं, आणि त्या रिकाम्या वाड्यांत बिऱ्हाडें आलीं. ज्या वाड्यांत एक कुटुंब व त्याचे आश्रित राहत तेथें चौकाभोंवतीं दहा-पंधरा बिऱ्हाडें राहूं लागलीं. कोंकणांतून किंवा देशावरून आलेल्या विद्यार्थ्यास, मास्तरास, कारकुनास दोन खणांची जागा परवडे ती याच पद्धतीमुळें. पुण्याच्या बौद्धिक जीवनाचें वर्णन करतांना आपण संस्थांचीं नांवें घेतों, परंतु त्या संस्था चालविणारा माणूस रात्रीं निजे तो कोणाच्या तरी वाड्यांतील माडीवर, माफक भाड्यानें. भाडेचिठ्ठ्या व घरमालकाच्या जमाखर्चाच्या वह्या हें या इतिहासाचें साधन आहे, आणि तें सर्वांत झपाट्यानें नष्ट होत आहे. धनंजयराव गाडगीळ यांनीं गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणें शहराची जी सामाजिक व आर्थिक पाहणी केली, जिचा पहिला भाग १९४५ मध्यें व दुसरा १९५२ मध्यें प्रसिद्ध झाला, ती या वह्यांशीं ताडून पाहण्याजोगी आहे.

१८९७ च्या प्लेगानें दाट वस्तीचें भय लोकांच्या मनांत बसविलें आणि शहराबाहेर, नदीपलीकडे राहण्याची ओढ लागली. मुंबई इलाख्याचा नगररचनेचा कायदा १९१५ चा. भांबुर्डें म्हणजे आजचें शिवाजीनगर या भागांत त्यान्वये योजना आंखली गेली. या योजनांत लहानमोठे वांकडेतिकडे तुकडे एकत्र करून, रस्ते काढून, चौकोनी भूखंड मालकांस परत देत. पद्धत न्याय्य होती, पण ती जमीनमालकापुरती. बिऱ्हाडकरूस तींत स्थान नव्हतें. १९५४ च्या कायद्यानें सबंध नगरपालिका हद्दीचा विकास आराखडा करणें आवश्यक झालें व १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानें आजची चौकट घातली. पुणें महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजीं अस्तित्वांत आली. जुन्या हद्दीचे आराखडे १९६६, १९८७ व २०१७ मध्यें मंजूर झाले. या दरम्यान १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटून नदीकांठच्या पेठा बुडाल्या, आणि लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठीं उभ्या राहिल्या. त्या दिवशीं घरांबरोबर घरांतील कागदहि गेले.

वाड्यांतील बिऱ्हाडांचें भवितव्य ठरविलें तें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें. त्यानें प्रमाणभूत भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलें. युद्धकाळाच्या महागाईंत हा उपाय योग्य होता. पन्नास वर्षें तोच आंकडा राहिला हें मात्र विपरीत झालें. भाड्यांत कौलें शाकारण्याचाहि खर्च निघेना. मालकानें दुरुस्ती थांबविली, भाडेकरूस हलतां येईना, आणि वाडा दोघांच्या डोळ्यांदेखत खचत गेला. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९७ मध्यें अशा गोठविलेल्या भाड्याबद्दल प्रतिकूल मत दिलें, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू होऊन दरसाल ४ टक्के वाढीची सोय झाली. मूळ रकमाच इतक्या क्षुल्लक कीं या वाढीनें वाडा सांवरत नाहीं.

डिसेंबर २०२० मध्यें मुंबई वगळून राज्यांतील बहुतेक शहरांस एकत्रित विकास नियमावली लागू झाली, त्यांत पुणेंहि आलें. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या भूखंडावर बांधणाऱ्यानें २० टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटाच्या लहान घरांसाठीं ठेवावा, असा नियम तीपूर्वींच, २०१३ मध्यें, निघाला होता. हेतु स्तुत्य आहे. परंतु खरेदीखतांतील खण व गज मोजून पाहणाऱ्यास ताबडतोब दिसेल कीं, जुन्या पेठांतील घरजागा या मापाच्या जवळपासहि येत नाहींत. म्हणजे जेथें दोनशें वर्षें गरीब व मध्यम स्थितींतला माणूस शहराच्या मध्यभागीं राहत आला, नेमक्या तेथेंच हा नियम मुका आहे.

आणखी एक नियम असा आहे कीं त्याविषयीं इतिहासाच्या उपासकांनीं मौन धरणें बरें नव्हे. शनिवारवाडा हें केंद्रसंरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत २०१० मध्यें झालेल्या दुरुस्तीप्रमाणें स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहे. दुरुस्तीसहि परवानगी लागते. कसबा, शनिवार, बुधवार यांतील पुष्कळ जुनीं घरें या वर्तुळांत येतात. तेथील रहिवाशास मोडकळीस आलेलें घर पाडून बांधतां येत नाहीं, आणि धरून ठेवण्याची ऐपत नाहीं. मोकळ्या माळावरील लेण्यास जें अंतर शोभेल तेंच अंतर दाट पेठेंत असलेल्या वाड्यास लावणें आम्हांस समंजसपणाचें वाटत नाहीं. शनिवारवाडा माळावर उभा नव्हता. त्याच्या भोंवतालीं वस्ती असावी यासाठींच तर कौल दिले गेले. १८२८ च्या आगींत आंतील इमारती गेल्या, उरला तो तट व दरवाजे. त्या तटाइतकीच त्याभोंवतालची वस्ती ऐतिहासिक आहे, आणि ती राखावयाची तर तेथें माणसास राहतां आलें पाहिजे. उंची, दर्शनी भाग, लांकूडकाम यांवर निर्बंध घालून दुरुस्ती व पुनर्बांधणी मोकळी करण्याची मागणी करणें हें स्मारकाशीं वैर नव्हे. रस्ता व इमारती यांची जुनी रेषा कोणती होती हें दाखविण्याचें काम मात्र आपलें आहे, आणि तें कागदांवांचून होणार नाहीं.

वाडा पाडावयाचा ठरला म्हणजे पहिल्यानें मिळकत पत्रिका व अलीकडील दस्त वकिलाकडे जातात. मोडी कागदांची पेटी, कोणास वाचतां येत नाहीं म्हणून, रद्दीबरोबर निघते. भारत इतिहास संशोधक मंडळानें १९४० नंतरच्या दशकांत ‘पुणें नगर संशोधन वृत्त’ या नांवानें शहराच्या घराण्यांची व स्थळांची जी माहिती छापली ती अशाच पेट्यांवर उभी आहे, आणि त्यांतील पुष्कळ घरें आज जागेवर नाहींत. ज्यांच्या परिचयांतील वाडा उतरावयाचा आहे त्यांनीं पेटी उघडण्यापूर्वीं वाड्याचा खणांसह एक साधा आराखडा काढावा, चारी बाजूंच्या घरांचीं आजचीं व आठवणींतलीं नांवें लिहून घ्यावीं, हौद, आड, नळ व मोऱ्या कोठें आहेत तें दाखवावें, आणि मग कागद पेठवार लावावे, घराणेवार नव्हे. घराण्याची वंशावळ दुसऱ्या साधनांनीं मिळते. बोळाची मिळत नाहीं. कौल व महजर यांच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं, कारण पाठीवरील शेरे व नोंदी नकलकार बहुधा सोडून देतात. भाड्याच्या वह्या, त्या १९४० च्या आगेमागच्या असल्या तर विशेषेंकरून, टाकूं नयेत. त्यांतील मोडी लिपि उत्तरकालीन व घाईची असल्यानें ती पेशवाईंतील कागदांपेक्षां वाचावयास कठीण जाते, परंतु महिन्याचे आंकडे लागले कीं पुढील नांवें आपोआप उलगडत जातात.